आईचं अपचन जातच नाहीये, कुठली टेस्ट करू?

आई ७२ वर्षांची, दोन महिने झाले जरा जेवली की पोट गच्च, मळमळ, करपट ढेकर. पॅन्टोप्राझोलने (ॲसिडिटीची गोळी) तेवढ्यापुरतं बरं वाटतं. एच पायलोरीसाठी (पोटातला जंतू) रक्त तपासा म्हणतायत, पुरेल का?

उत्तर १: रक्तावर जाऊ नका, त्यातल्या अँटीबॉडी इन्फेक्शन गेल्यावरही राहतात. शौचाची अँटिजेन टेस्ट नाहीतर युरिया ब्रेथ टेस्ट (श्वासाची तपासणी) करा, पण त्याआधी २ आठवडे पॅन्टोप्राझोल बंद लागतं (डॉक्टरांना विचारूनच हं) नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

उत्तर २: साठीनंतर नव्याने सुरू झालंय ना, मग एंडोस्कोपी (दुर्बिणीने पोटाची तपासणी) टाळू नका, त्यातच बायोप्सी (छोटा तुकडा) घेऊन जंतूही कळतो. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक वगैरे दुखण्याच्या गोळ्या घेतात का? अल्सरचं मोठं कारण आहे ते, आणि या वयात कधीकधी दुखतही नाही, आतल्या आत रक्त जाऊन एकदम हिमोग्लोबिनच कमी आलेलं दिसतं.

प्रश्नकर्ती: हो, रोज घेते! लोहाची गोळीपण चालू आहे.

उत्तर २: लोहानेही शौच काळी होते, पण डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची असली तर ते पोटातलं रक्त असू शकतं, लगेच हॉस्पिटल गाठा. आणि चालताना छातीखाली दाटून येत असेल, घाम फुटत असेल तर हृदयाचं असू शकतं, आधी ईसीजी, शुगर असेल तर जास्तच जपा.