‘बॉर्डरलाइन’ला मराठीत काय म्हणायचं? आणि ‘सोशल कॉन्टॅक्ट’ला?

तलावपाळी:
मंडळी, अडकलेय. ठाण्यातल्या एका पालकगटासाठी चार पानी माहितीपत्रक मराठीत करतेय, विषय बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे भावना आणि नाती सतत हेलकावतात तो मानसिक आजार. त्यात एक वाक्य आहे की माणसाचे मूळचे ट्रेट्स आणि सोशल कॉन्टॅक्ट, दोन्ही मिळून लक्षणं कमीजास्त होतात. मी लिहिलं, ‘स्वभाववैशिष्ट्ये व सामाजिक संपर्क यांचा सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकाराच्या लक्षणांवर परिणाम होतो’. गटातल्या काकूंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "सीमावर्ती म्हणजे बेळगावकडचे का गं?" चेष्टा नव्हती हं, खरंच विचारत होत्या. आणि ‘सामाजिक संपर्क’ वाचून मलाच जनसंपर्क अधिकारी डोळ्यासमोर येतो. सोमवारी छापायला जायचंय.

पारसिकचा_बोगदा:
सीमावर्तीच ठेवा. परिभाषा शिकावी लागते, ती काय आईच्या दुधातून येत नाही. स्किझोफ्रेनियाला ‘छिन्नमनस्कता’ पण आधी विचित्रच वाटलं होतं, रुळलं की नाही?

ऐरोलीकर:
कुठे रुळलं? ओपीडीबाहेर बाकड्यावर बसलेल्या एकाच्या तोंडी ऐकवा मला. सरळ ‘बॉर्डरलाइन’ लिहा ना देवनागरीत, डॉक्टर तेच बोलतात.

तलावपाळी:
ते करून बघितलं. एक वडील म्हणाले, "बॉर्डरलाइन आहे ना, म्हणजे अजून झालेलं नाही, गोड कमी केलं की झालं." शुगर बॉर्डरलाइनवर असते ना, तसं वाटलं त्यांना. आणि मुलगी दोनदा हॉस्पिटलात जाऊन आलीये.

काठावर_पास:
आमच्या वेळी बॉर्डरलाइन म्हणजे गणितात ३५. पण ही बॉर्डर नक्की कशाकशाच्या मधली?

नेरूळ_पूर्व:
मी सायकॉलॉजी शिकवायचे म्हणून सांगते. 1938 मध्ये अॅडॉल्फ स्टर्न नावाच्या मनोविश्लेषकाने काही पेशंटना ‘बॉर्डर लाइन’ म्हटलं, कारण ते न्यूरॉसिसमध्येही (त्रास असतो पण वास्तवाचं भान असतं) धड बसेनात आणि सायकोसिसमध्येही (भानच सुटतं). पुढे ती हद्दच कोणी मानेनासं झालं पण नाव चिकटलं, 1980 मध्ये डीएसएममध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत, अधिकृत झालं. आज नऊपैकी निदान पाच लक्षणं लागतात, सोडून जातील ही भीती, आज देव उद्या राक्षस अशी नाती, रिकामपण, स्वतःला इजा वगैरे. म्हणजे ‘सीमावर्ती’ हे एका कालबाह्य कल्पनेचं शब्दशः भाषांतर आहे! त्यापेक्षा जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या जुन्या यादीतलं नाव बरं होतं, ‘भावनिक अस्थिरता’वालं. त्यांच्याच 2022 पासूनच्या यादीत तर आधी विकार किती तीव्र ते बघतात, मग ट्रेट्स, आणि ‘बॉर्डरलाइन’ हा नुसता एक पॅटर्न म्हणून जोडता येतो.

पारसिकचा_बोगदा:
मग ‘अव्यवस्थितचित्त’ घ्या. क्षणे रुष्टः क्षणे तुष्टः हे सुभाषित सगळ्यांना माहितीये, आयता शब्द आहे.

नेरूळ_पूर्व:
त्याच सुभाषितात पुढे ‘प्रसादोऽपि भयंकरः’ आहे, म्हणजे अशांची कृपासुद्धा भयंकर. पेशंटच्या हातात हे देणार?

ऐरोलीकर:
आणि कृपा करून ‘विकृती’ नको. एका ठिकाणी ‘व्यक्तिमत्त्व विकृती’ छापलेलं बघितलंय. विकृत म्हटलं की लोकांना पेपरातल्या बातम्या आठवतात. विकार ठीक, हृदयविकार म्हणतोच आपण.

घोडबंदर_जाम:
मूळ शब्द राहिला बाजूला. ट्रेटला ‘पिंड’ म्हणा की, आमची आजी म्हणायची "त्याचा पिंडच तसा".

काठावर_पास:
पिंड म्हटलं की मला कावळा दिसतो.

तलावपाळी:
पिंडात आणि स्वभावात अडचण एकच, लगेच कोणीतरी म्हणतं ‘स्वभावाला औषध नाही’. आणि पत्रकात नेमकं उलटं सांगायचंय. दहा-दहा वर्षं मागोवा घेतला तर बहुतेकांची लक्षणं बरीच ओसरलेली दिसतात.

घोडबंदर_जाम:
बरोबर आहे. माझी चुलतबहीण, निदान खूप उशिरा झालं, तोवर घरात तिला हट्टी, तापट, नाटकी, डोक्यात राख घालून घेणारी असे शंभर शब्द होते, ठाण्यात राहून "हिला ठाण्यालाच ठेवायला पाहिजे" असंही म्हणायचे म्हणजे मेंटल हॉस्पिटलच्या गावात राहणाऱ्यांनी तरी हा विनोद करू नये ना. पण घरचे तिच्याशी कसे वागतात याला एकही शब्द नव्हता. एखादी मैत्रीण फोन उचलेनाशी झाली की ही दिवसभर उसळलेली, आणि संध्याकाळी कोणी नुसतं शेजारी बसून चहा प्यायलं तरी निवायची.

नेरूळ_पूर्व:
तेच तर. मार्शा लिनेहान, याच आजारावरच्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) उपचारवाल्या मानसशास्त्रज्ञ, म्हणतात की मुळात भावना चटकन आणि जोरात येणाऱ्या मुलाला भोवतालचे सतत उडवून लावत राहिले की हे वाढत जातं. ‘इनव्हॅलिडेशन’ म्हणतात त्याला. मी वर्गात ‘अवैधीकरण’ सांगायचे, मुलं हसायची, ते अनधिकृत बांधकामासारखं वाटतं.

तलावपाळी:
त्याला मराठीत शब्द आहे. ‘त्यात काय एवढं!’

नेरूळ_पूर्व:
वा. वीस वर्षं शिकवलं आणि हे सुचलं नाही.

पारसिकचा_बोगदा:
तो शब्द नाही, वाक्प्रयोग आहे. पत्रकात ‘त्यात-काय-एवढं-पणा’ लिहिणार का?

तलावपाळी:
हो, लिहिणार!

ऐरोलीकर:
सोशल कॉन्टॅक्टला ‘ऊठबस’. ‘त्याची कोणात ऊठबस आहे’ म्हटलं की बरोबर कळतं.

काठावर_पास:
ऊठबस माणसं करतात की उठाबशा? शाळेत तरी दोन्ही एकच होतं. ‘घसट’ बघा.

घोडबंदर_जाम:
घसटमध्ये संशय आहे. ‘त्यांची फार घसट आहे’ कोणी चांगल्या अर्थाने म्हणतं का? ‘येणंजाणं’ घ्या.

पारसिकचा_बोगदा:
आमच्या कोकणात घसट चांगल्या अर्थानेच म्हणतात. शहरात राहून मराठी बिघडली तुमची.

घोडबंदर_जाम:
मी पण कोकणातलाच आहे, आणि आमच्याकडे भांडणात म्हणतात.

काठावर_पास:
एक सुचलं, ‘तऱ्हेवाईक’ मधला ‘वाईक’ आणि ‘नातेवाईक’ मधला ‘वाईक’ एकच का? तऱ्हा अरबी-फारसीतून आलाय आणि नातं तर आपलंच, मग प्रत्यय जुळला कसा?

ऐरोलीकर:
आमच्याकडे दोन्ही एकच.

पारसिकचा_बोगदा:
परक्या शब्दाला देशी प्रत्यय लागतोच, यावर वेगळा धागा काढा, माझ्याकडे बरंच आहे.

तलावपाळी:
अहो सोमवार! सोशल कॉन्टॅक्टचं काय करू?

काठावर_पास:
एक मिनिट, ‘वाईक’ वाले आणखी शब्द आठवतायत का कोणाला?