जुनं सेस्ना १७२ तिघांत मिळून घ्यायचं चाललंय, काय काय बघू?

अनिकेत_जर्सी

नमस्कार मंडळी. मी सेंट्रल न्यू जर्सीत राहतो, प्रायव्हेट पायलटचं लायसन्स गेल्या वर्षी मिळालं. तेव्हापासून भाड्याने विमान घेतोय. तासाला १९० डॉलर पडतात आणि चांगल्या हवेच्या शनिवारी विमान मिळेलच असं नाही. मुक्कामी न्यायचं तर उडवा न उडवा, दिवसाला तीन तासांचे पैसे भरायचे. आईबाबा उन्हाळ्यात पुण्याहून येतात. त्यांना केप मे, ब्लॉक आयलंड ही समुद्रकाठची ठिकाणं दाखवायची फार इच्छा आहे, पण या पद्धतीने ते होत नाही.

मी आणि दोन मित्र एक विमान बघून आलो. १९७७चं सेस्ना १७२एन. मालकाची अपेक्षा ९२ हजार. इंजिनाचं ओव्हरहॉल (पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती) २००३ला झालंय, त्यानंतर ९०० तास. मालक वयस्कर, सज्जन गृहस्थ आहेत, तब्येतीमुळे गेली चार वर्षं जवळजवळ उडवलेलं नाही. पण दर पंधरवड्याला न चुकता इंजिन सुरू करून दहा मिनिटं चालवतात म्हणाले. रंग आणि आतली गादी छान आहे. ओव्हरहॉलची मर्यादा २००० तासांची, म्हणजे अजून ११०० शिल्लक, त्यामुळे सौदा बरा वाटतोय. तिघांपैकी एक मित्र एच-१बीवर आहे. ज्यांच्याकडे स्वतःचं विमान आहे त्यांनी कृपया खरा खर्च आणि काय तपासायचं ते सांगा.

मुग्धा_सांगलीकर

अनिकेत, लायसन्सबद्दल अभिनंदन! माझ्याकडे १९७९चं पायपर वॉरियर आहे, सोलबर्ग विमानतळावर असतं. आधी दोघींत होतं, मैत्रीण कॅलिफोर्नियाला गेली तेव्हा तिचा वाटा मी घेतला. पेशाने मेकॅनिकल इंजिनियर आहे, त्यामुळे उत्तर लांबणार, पण वाच.

किमतीचं नंतर बघू. मला खटकलं ते "पंधरवड्याला दहा मिनिटं". मालकांनी चांगल्या भावनेने केलं असेल, पण इंजिनाला त्याने अपायच होतो. लायकमिंग कंपनीच्या या इंजिनांत कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वरच्या अंगाला असतो, क्रँकशाफ्ट या मुख्य दांड्याच्याही वर. तेल खाली सम्पमध्ये, म्हणजे तळाच्या टाकीत. कॅमला तेल मिळतं ते मुख्यतः इंजिन फिरताना उडणाऱ्या शिंतोड्यांतून. बंद इंजिनात कॅमवरचं तेल हळूहळू निथळतं आणि पोलाद उघडं पडतं. तेलाचा हात न फिरवता पावसाळ्यात ठेवून दिलेल्या लोखंडी तव्याचं जे होतं, तेच जर्सीच्या दमट उन्हाळ्यात त्याचं होतं. त्यात पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, त्यातलं थोडं तेलात उतरतं. हवेत अर्धा-पाऊण तास उडून तेल १८० फॅरनहाइटच्या आसपास राहिलं की ते वाफ होऊन निघून जातं. जमिनीवर दहा मिनिटांत तेल तेवढं तापतच नाही. म्हणजे दर खेपेला आत पाणी घालून झाकण लावल्यासारखं झालं. नुसतं उभं ठेवलं असतं तर बरं, असंही म्हणवत नाही, पण दहा मिनिटांच्या त्या फेऱ्या जमेच्या बाजूला धरू नकोस.

म्हणून "११०० शिल्लक" हा हिशोब सोडून दे. २००० तासांबरोबर लायकमिंग बारा वर्षांचीही मर्यादा सांगतं. खाजगी वापरात दोन्ही कायद्याने सक्तीच्या नाहीत आणि नियमित उडणारी इंजिनं त्यापुढेही छान चालतात. तुमचं मात्र नियमित उडणाऱ्यांतलं नाही. लॉगबुक घेऊन बस आणि एका कागदावर प्रत्येक वर्ष आणि त्या वर्षातले तास लिहून काढ. ९०० तास वीस वर्षांत सारखे वाटले गेलेत, की पहिल्या दहातच संपलेत, हे पाच मिनिटांत कळेल.

१७२एनमध्ये ओ-३२०-एच२एडी इंजिन आहे. त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत कॅम आणि टॅपेट (कॅमवर टेकणारे भाग) खराब होण्याच्या खूप तक्रारी आल्या. १९८०च्या एअरवर्दिनेस डिरेक्टिव्हप्रमाणे (सरकारचा सक्तीचा सुरक्षा-आदेश) त्याला लायकमिंगचा ठरावीक ॲडिटिव्ह (तेलात घालायचं रसायन) किंवा तो आधीच मिसळलेलं तेल लागतं. प्रत्येक तेलबदलाच्या नोंदीत त्याचा उल्लेख आहे का बघ. जिथे नाही, तिथे विचार. शिवाय या इंजिनात दोन्ही मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारी यंत्रं) एकाच डबीत आणि एकाच ड्राइव्हवर आहेत. मला स्वतःला ती रचना आवडत नाही. दोन स्वतंत्र मॅग्नेटोंचा जो आधार असतो तो इथे अर्धाच मिळतो. १९८१च्या १७२पीपासून सेस्नाने इंजिनच बदललं. तरीही नीट सांभाळलेलं एच२एडी बिनतक्रार चालतं, माझ्याच रांगेत एक आहे आणि त्याचा मालक दर रविवारी उडतो.

आता तेलाचा फिल्टर. विकत घ्यायच्या आधी मालकांच्या परवानगीने विमान तासभर उडवा, तेल गरम असतानाच काढा आणि फिल्टर कापायला सांगा. माझ्या विमानाचं मी स्वतःच करते. पायलटला स्वतःच्या विमानाचं तेल बदलायची मुभा आहे, लॉगबुकात नोंद करून सही करायची एवढंच. कटरने फिल्टरचं डोकं उडवलं की आत घड्या घातलेला कागद निघतो. तो चाकूने कापून व्हाइसमध्ये आवळून पिळायचा आणि पांढऱ्या फडक्यावर उन्हात पसरायचा. घडी न् घडी उघडायची. काळे, बोटाने चुरडणारे कण म्हणजे कार्बन, त्याची काळजी नाही. चकचकीत चपट्या कपच्या दिसल्या तर चुंबक फिरवायचं. चुंबकाला चिकटल्या तर पोलाद, आणि मग पहिला संशय कॅमवर. कॅम बदलायला इंजिन दोन भागांत उघडावं लागतं, आणि एवढं उघडल्यावर कोणी नुसता कॅम बदलून परत बंद करत नाही. तीस-चाळीस हजार डॉलर धर आणि काही महिने विमान जमिनीवर. म्हणून तो कागद मला इतका महत्त्वाचा वाटतो. फिल्टर असलेल्या इंजिनाला दर ५० तासांनी किंवा चार महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, तेल बदलायचं. चार महिन्यांचं लोक विसरतात.

खर्चाचं माझं सांगते. विमान बाहेर दोरांनी बांधून ठेवायचे महिना दीडशेच्या घरात. हँगर (विमानाची शेड) हवा तर आमच्याकडे वर्षानुवर्षं प्रतीक्षायादी हलत नाही. विमा वर्षाला पंधराशेच्या आसपास, नवीन पायलटला जास्त. ॲन्युअल (वर्षाची सक्तीची तपासणी) चांगल्या वर्षी दोन हजार, वाईट वर्षी पाच, आणि विकत घेतल्यावरचं पहिलं ॲन्युअल वाईटच धरून चाल, आधीच्याने पुढे ढकललेलं सगळं तेव्हा निघतं. पेट्रोल तासाला आठ-साडेआठ गॅलन. इंजिनासाठी तासाला वीस डॉलर वेगळ्या खात्यात, पहिल्या दिवसापासून. वर्षाला पन्नास तासांच्या आत उडणार असशील तर भाड्याचंच स्वस्त पडतं. शंभरच्या पुढे गेलास तर स्वतःचं. तुम्ही तिघे आहात हे विमानाच्या दृष्टीने फार चांगलं आहे, कारण ते उभं राहणार नाही.

विनायक_ह्यूस्टन

मुग्धाताईंनी इंजिनाचं सांगितलंच आहे. मी कागदांचं सांगतो. आम्ही चौघांत सेस्ना १८२ ठेवलंय.

अनिकेत, एच-१बीचा प्रश्न आधी सोडव. अमेरिकेत विमान नोंदवायला मालक नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक लागतो, आणि एकत्र मालकीत नाव असलेल्या प्रत्येकाला हे लागू आहे. उडवायला व्हिसा आड येत नाही, मालकीला येतो. नागरिक ट्रस्टीच्या नावाने ट्रस्ट करून लोक नोंदणी करतात, पण त्याचा वर्षाचा खर्च आहे आणि कागद विमानक्षेत्रातल्या वकिलाकडूनच करून घ्यावे लागतात. "दोघांच्या नावावर घेऊ, तिसरा पैसे देईल" असं तोंडी ठरवू नका. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं हेच विचारेल की हा कोण आणि पैसे कशाचे देत होता.

ओक्लाहोमा सिटीच्या नोंदणी कार्यालयात प्रत्येक विमानाची फाइल असते. ती मागवा. त्यात जुने मालक, कर्जाचा बोजा आणि मोठ्या दुरुस्त्यांचे ३३७ नंबरचे फॉर्म सगळं येतं. पंखाची दुरुस्ती फाइलमध्ये आहे आणि मालक म्हणतो काही झालं नव्हतं, असं निघालं तर तिथेच थांबा.

तिघांतला करार लेखी हवा. एक जण बाहेर पडला तर त्याच्या वाट्याची किंमत कोण ठरवणार, बाकीच्यांना घ्यायला किती मुदत, इंजिन अचानक गेलं तर एखाद्याकडे पैसे नसताना काय करायचं. आमच्यातला एक जण नोकरी सुटल्यावर वर्षभर काही देऊ शकला नाही. मैत्री टिकली ती करारात त्याची सोय आधीच लिहिली होती म्हणून.

बारामती_टेकऑफ

मी बारामतीला सेस्ना १७२वरच शिकलो, आता एअरलाइनमध्ये आहे. तुमचं वाचून हेवा वाटला. भारतात खाजगी सिंगल इंजिन ठेवायचं म्हणजे आयातीची परवानगी, डीजीसीएचे कागद, आणि सगळं जमलं तरी वाटेतल्या विमानतळावर १००एलएल, म्हणजे या छोट्या विमानांचं पेट्रोल, मिळेल का हा प्रश्न. इंडियन ऑइलने २०२२ला वडोदऱ्याच्या रिफायनरीत ते बनवायला सुरुवात केली ही मोठी गोष्ट झाली, आधी आयातीवरच भिस्त होती. १५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले ते एका इंजिनाच्या पुस मॉथमधून. त्याच जुहूच्या देशात छोटं विमान बाळगणं इतकं अवघड राहावं याचं मनापासून वाईट वाटतं. अनिकेत, इंजिन चांगलं निघालं तर घेऊन टाका!

अनिकेत_जर्सी

सगळ्यांचे खूप आभार. ताई, लॉगबुकाचा कागद केला. २००३ ते २०१४ दरवर्षी साठ-सत्तर तास, नंतर घसरत गेले, आणि गेल्या चार वर्षांत सगळे मिळून अकरा. ॲडिटिव्हची नोंद सुरुवातीला दर वेळी आहे, शेवटच्या दोन तेलबदलांत नाही. मालकांशी बोललो. दहा मिनिटं चालवल्याने अपाय होतो हे त्यांना माहीत नव्हतं, ऐकून बिचारे कष्टी झाले, आणि फिल्टर कापायला लगेच हो म्हणाले. मित्राचं ग्रीन कार्ड लवकर होणार नाही, त्यामुळे तो सध्या थांबतोय. येत्या शनिवारी मेकॅनिक येणार आहे. अजून काय बघायला सांगू? आणि मी, बायको, आईबाबा असे चौघे जाऊ शकू ना?

मुग्धा_सांगलीकर

मेकॅनिक मालकांचा नेहमीचा नको, तुझा स्वतःचा हवा. तो चांगला माणूस असला तरी स्वतःच सही केलेल्या कामाकडे परक्याच्या नजरेने बघता येत नाही.

सीटचे रूळ नीट बघायला सांग. सेस्नात पुढच्या सीट रुळांवर सरकतात आणि रुळाच्या भोकांत पिन बसून अडकतात. भोकं झिजून लांबट झाली की टेकऑफला नाक वर उचलताना सीट मागे घसरते आणि घाबरलेला पायलट हातातलं योक (विमानाचं सुकाणू) धरून स्वतःला सावरायला जातो, म्हणजे नाक आणखी वर ओढतो. माणसं गेली आहेत यात. त्यावर डिरेक्टिव्ह आहे, ठरावीक मापाने प्रत्येक भोक तपासायचं असतं. पंखांत, शेपटीत, इंजिनाच्या झाकणाखाली पक्ष्यांची आणि उंदरांची घरटी शोधा. उंदराच्या मुताने ॲल्युमिनियम खाल्लं जातं, तेव्हा घरटं नुसतं काढून भागत नाही, खालचा पत्रा बघायला हवा. डाव्या पंखाखाली स्ट्रटच्या (पंखाला आधार देणारा दांडा) मागे टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत घ्यायची नळी आहे, त्यात गांधीलमाशी मातीचं घर करते. तो बुजला तर टाक्या भरलेल्या असूनही इंजिनाला पेट्रोल मिळत नाही. टाकीच्या झाकणांची रबरं जुनी असतील तर पावसाचं पाणी आत जातं. टाकीखालच्या ड्रेनमधून काढलेलं पेट्रोल उजेडात धरून बघ. १००एलएल निळं असतं आणि पाणी तळाशी वेगळा थेंब होऊन बसतं.

चौघांचं: हिशोब कर. त्या विमानाची कमाल मर्यादा २३०० पौंड. रिकाम्या वजनाचा आकडा त्याच विमानाच्या कागदांतून घे, पुस्तकातला नको, पंचेचाळीस वर्षांत रेडिओ आणि रंग वाढत गेलेले असतात. समज ८५० उरले. भरल्या टाकीचं वापरता येणारं ४० गॅलन, सहा पौंडांप्रमाणे २४०. राहिले ६१०. चार मोठी माणसं आणि बॅगा त्यात बसत नाहीत. केप मे जवळ आहे, अर्ध्या टाकीने जाता येईल, राखीव पेट्रोल सोडून. ब्लॉक आयलंडची धावपट्टी अडीच हजार फुटांची आहे, तिथे उन्हाळ्यातल्या दुपारी चौघांना घेऊन पहिल्या वर्षी जाऊ नकोस. आईला एकदा, बाबांना एकदा असं ने. न्यूयॉर्कच्या हडसन नदीवरून मात्र दोघांनाही ने. तेराशे फुटांखाली, रेडिओच्या १२३.०५ या फ्रीक्वेन्सीवर आपण कुठे आहोत ते बोलत, उजव्या काठाने उत्तरेला जायचं. माझी आई पंचाहत्तरीत तिथे खिडकीला नाक लावून बसली होती आणि लिबर्टीचा पुतळा मागे पडेपर्यंत मान वळवून बघत होती. दिवे लावून ठेव आणि आधी इन्स्ट्रक्टरबरोबर एक फेरी कर.

शनिवारी कंप्रेशन (सिलिंडर हवेचा दाब किती धरून ठेवतो त्याची चाचणी) इंजिन गरम असतानाच घ्यायला सांग. ऐंशीपैकी सत्तरच्या वर असेल तर ठीक. साठच्या आसपास आलं तर हवा कुठून सुसतेय ते कान लावून ऐका. एक्झॉस्टमधून म्हणजे व्हॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडातून म्हणजे रिंगा. बोअरस्कोपचे (सिलिंडरच्या आत घालायचा बारीक कॅमेरा) फोटो इथे टाक, प्रत्येकावर सिलिंडरचा नंबर लिहून. फिल्टरच्या कागदाचा पण टाक, उन्हात काढलेला, फ्लॅश नको.