अनुभव सांगा : इंग्रजी अक्षरं जुळवताना गाडी कुठं अडली?

राजारामपुरीकर (धागा माझाच)

रविवारी रात्री माझी 93 दिवसांची सलग घोडदौड संपली, आणि तीही दुसरीतल्या पोराला येणाऱ्या स्पेलिंगवर. वर्डलचं म्हणतोय. पाच अक्षरी इंग्रजी शब्द, सहा संधी. अक्षर जागेवर बसलं तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नाहीच तर करडं. जॉश वॉर्डल नावाच्या माणसानं ऑक्टोबर 2021 मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं, जानेवारी 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं विकत घेतलं, आणि आमच्या घरात ते लेकीमुळं शिरलं.

दुसऱ्याच फटक्याला रात्रीचा 'नाइट' टाकला. आय-जी-एच-टी, चारही हिरवी! बायकोला हाक मारून दाखवलंसुद्धा. मग लाइट. राइट. फाइट. माइट. संपलं. उत्तर होतं एसवालं 'साइट', म्हणजे दृष्टी. तीच नव्हती.

लेक म्हणाली, "बाबा, तिथं एकेक शब्द मारत बसायचं नाही. 'फिल्म्स' टाकायचा." एफ, एल, एम, एस अशी चार दारं एकदमच वाजवायची. ज्या अक्षराला रंग चढेल, त्याचा शब्द. एकालाही नाही चढला तर नेहमीच्या वापरातले राइट, टाइट आणि आकड्यातला 'एट' एवढेच उरतात, आणि हातात संधीही तीनच. 'एट' मला सुचलाच नसता. कानाला तो या घरातला वाटतच नाही, पण शेपूट तेच.

तुमचं काय? परीक्षा, खेळ, धंदा, कुठलंही चालेल.

अभ्यासिकेतला एक

दसरा चौकाजवळच्या अभ्यासिकेत तीन वर्षं बँकेच्या परीक्षांसाठी काढली. रीझनिंगमध्ये हमखास प्रश्न असतो : अमक्या शब्दातली ही चार अक्षरं, प्रत्येक एकदाच वापरून किती अर्थपूर्ण इंग्रजी शब्द होतात? एकही नाही, एक, दोन, तीन, तीनपेक्षा जास्त.

सराव पेपरात ए, ई, एम, टी आली. मी मीट आणि टीम काढून 'दोन' ठोकलं. शेजारचा गारगोटीचा पोरगा म्हणाला, "मेट राहिला की. आणि टेम."

"टेम? किती टेम झाला, त्यातला टेम?"

"नव्हं रे. माणसाळलेला."

उत्तर 'तीनपेक्षा जास्त'. चार वेगवेगळ्या अक्षरांच्या मांडण्या होतात 24, आणि अक्षरं एका ओळीत लिहिली की डोळा त्याच ओळीत अडकतो. त्यानं मला ती गोल लिहायला शिकवलं, घड्याळासारखी. मग कुठूनही सुरू करा. त्याची निवड झाली, माझी अजून नाही. पण हा प्रश्न मी आता सोडत नाही.

गंगावेशीतली निवृत्त बाई

वर्गात 'कलर'मधला यू विसरला म्हणून आयुष्यभर पोरांचे मार्क कापले. आता नातू बिनयूचा कलर पाच घरांत बसवून दाखवतो. ह्युमर, फेवर, सगळेच. अमेरिकन स्पेलिंग म्हणे. कापलेले मार्क आता परत कुठं देत फिरू?

खिळेवाल्याचा मुलगा

तुमचा खेळ तो आमच्याकडं धंदा होता. लक्ष्मीपुरीत वडिलांचा ट्रेडलचा, म्हणजे छपाईच्या लहान यंत्राचा, छोटा छापखाना. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, केसच्या (खान्याखान्यांच्या लाकडी ट्रेच्या) खान्यांत असायचे. इंग्रजीच्या केसमध्ये ईचा खाना सगळ्यात मोठा, कारण इंग्रजीत तेच अक्षर सगळ्यात जास्त लागतं. क्यू आणि झेडचे खाने एवढेएवढेसे. छपाई झाली की फर्मा, म्हणजे जुळवून बांधलेला मजकूर, सोडून प्रत्येक खिळा परत आपल्या खान्यात टाकायचा, ते काम माझं. खिळ्यावर अक्षर उलटं. पी, क्यू, बी, डी यांत मी इतका घोळ घालायचो की वडिलांचा रॉकेलचा हात तसाच गालावर बसायचा.

आमचं काम मुख्यतः मराठी, इंग्रजी टाइप बेताचाच. एकदा इंग्रजी लग्नपत्रिका आली. 'रिक्वेस्ट द प्लेझर ऑफ युवर प्रेझेन्स.' एवढ्या तुकड्यातच आठ ई! खाली दोन्ही घरची नावं, पत्ते, वेळ. खाना रिकामा. वडिलांनी कमी पडलेल्या जागी, जागा धरायला, दुसरेच खिळे उलटे घालून ठेवले आणि मला शेजारच्या छापखान्यात पिटाळलं. मूठभर ई उसने आणले, रुमालात बांधून.

वडील चौथी शिकलेले. मजकुराचा अर्थ विचारला की म्हणायचे, "ते गिऱ्हाइकाला म्हाईत. ई किती लागणार ते सांग."

राजारामपुरीकर

भावा, याच्यावर वेगळा धागा काढ.

कुरकुऱ्या

मला हे पटतच नाही. 'स्ट्रेंग्थ'ची आपल्या हिशेबानं अक्षरं दोन, त्यांच्या हिशेबानं आठ, आणि त्यात स्वर एकच. वृत्तं मोजलेल्या माणसानं काय करायचं?

पन्हाळा रोड

मुंगूस इंग्रजीत आपल्याकडूनच गेलं, पोर्तुगीजांमार्फत. तिथं आठ अक्षरं झाली आणि शेवटाला 'गूस' दिसायला लागलं. मी शाळेत गूस-गीजच्या चालीवर अनेकवचन 'मॉन्गीज' लिहिलं होतं. मुंगसाचा आणि हंसाचा काय संबंध, हे बाई मला विचारत होत्या. मी कुठं लावला होता? स्पेलिंगनं लावला.

कुंभार गल्ली, शाहूपुरी

ऑगस्ट 2019 च्या महापुरात आमच्या घरात पाणी होतं. आम्ही उजळाईवाडीला मामाकडं. परत आलो तर स्क्रॅबलच्या (सोंगट्यांवरच्या इंग्रजी अक्षरांनी पटावर शब्द जुळवायचा खेळ) खोक्याचा लगदा झालेला, आणि सोंगट्या चिखलात कपाटाखाली, मोरीत, कुठंकुठं. बादलीत धुऊन गच्चीवर वाळवल्या आणि मोजल्या. शंभरातल्या 91. चार यूंपैकी एकच सापडला. क्यू मात्र शाबूत. दहा गुणांचा, पण यूशिवाय गळ्यातली धोंडच.

बाबांनी शर्टाच्या तीन बटणांवर मार्करनं यू काढला. पण पिशवीत न बघता हात घालायचा असतो ना! आजीच्या बोटाला बटण लागलं की ती हवं तर घ्यायची, नको तर सोडायची. चार डाव ती ओळीनं जिंकली तेव्हा आमच्या लक्षात आलं. बटणं बंद.

मग भावानं यू न लागणारे क्यूचे शब्द पाठ केले. दिवाळीत त्यानं पटावर लावलं : एफ-ए-क्यू-आय-आर. आजी म्हणाली, फकीराला के लागतो, शाळेत शिकलेय मी. डिक्शनरी काढली, तर क्यूचाही निघाला. 17 गुण.

गुणांची वही आजीकडं असते. ते 17 तिनं अजून लिहिलेले नाहीत.