ओढा साफ करायचा म्हणजे काठची झाडंही काढायची का?

काठावरचा:
आमच्या पुरंदरातल्या गावात ओढा खोलीकरणाचा ठराव आलाय. पोकलेन लावून तळ खोल करायचा आणि दोन्ही काठांची करंजं, उंबर, निरगुडी सगळं उपटायचं. माझा विरोध आहे. गाळ खुशाल काढा, काठाला हात लावू नका.

आमचं पाणलोट जेमतेम सातशे हेक्टरचं. एवढ्याशा पाणलोटात वरचा पाऊस खाली पोचायला तास-दोन तास पुरतात. वाटेत कुठे अडखळला नाही तर सगळा लोंढा थेट कऱ्हा नदीत. मुळ्या, लव्हाळा, पालापाचोळा यांत पाणी रेंगाळतं, काठाच्या मातीत मुरतं आणि पाऊस संपल्यावर तेच ओढ्यात परत झिरपतं. पात्राच्या खडबडीतपणासाठी मॅनिंगचा गुणांक वापरतात: साफ, सरळ पात्राला साधारण ०.०३, झुडपांनी दाटलेल्याला ०.१ च्या आसपास. उतार आणि खोली तीच धरली तर साफ पात्रात पाणी तिप्पट वेगाने पळतं.

विहीरवाला:
दादा, गुणांक बरोबर असेल, पण सध्या माझ्या शेताकडेच्या डोहावर येऊन बसा. पहाटे पाचला डोहातला काळा दगड बुडालेला असतो. दुपारी चारला तोच दगड चार बोटं उघडा, वर ओली रेघ. दुसऱ्या पहाटे पुन्हा बुडालेला. आसपास एकही मोटार चालू नसते तेव्हाही हेच. उन्हं चढली की झाडं पाणी ओढतात, रात्री थांबतात, दुसरं काय? मार्चमध्ये माझ्या अंजिराला टँकर आणि काठावरचा उंबर हिरवागार. हे कसं सोसायचं?

मुरूमवाट:
यांचं निरीक्षण शंभर टक्के खरं आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या कोवीटा संशोधन केंद्रात १९४१ साली एका लहान पाणलोटातली फक्त ओढ्याकाठची झाडी तोडून पाहिली होती. हा दिवसरात्रीचा चढउतार जवळजवळ थांबला, प्रवाह वाढला. दक्षिण आफ्रिकेत १९९५ पासून पाण्यासाठीच परदेशी झाडं काढायचा सरकारी कार्यक्रम चालतो. झाडं पाणी पीत नाहीत असं कृपा करून कुणी म्हणू नये.

काठावरचा:
पितात, मान्य. पण कोवीटात झाडी तोडली, पात्र खोदलं नाही. इथे पोकलेन मुरूम फोडून खडकाला भिडणार. विहीरवाले, रात्री तुमचा दगड बुडवणारं पाणी येतं कुठून? काठाच्या मुरमातूनच ना? पात्र चार मीटर खाली नेलंत तर आधी तो मुरूम त्या चरात रिकामा होईल आणि त्यामागोमाग तुमची विहीर. शिवाय सावली गेली की मे महिन्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला आठ-दहा मिलिमीटर नुसते उडून जातात.

विहीरवाला:
खोलीचं पटलं. पण पुराचं काय? मोरीच्या वर बेशरमाची झुडपं इतकी माजलीत की गेल्या सप्टेंबरात पाणी तुंबून माझा बांध ओलांडून आत आलं. काढणीला आलेला घेवडा सडला. वेग कमी झाला म्हणजे पाणी उंच चढणार. ते कुणाच्या शेतात?

निरगुडीताई:
तुम्ही दोघं सबंध ओढ्याला एकच नियम लावताय. मोरीच्या आसपास शे-दीडशे मीटर बेशरम आणि वेडी बाभूळ मुळासकट काढा. बेशरम कापून ओल्यात टाकू नका, कांडीकांडीला फुटते. लांब नेऊन वाळवा. पण माथ्याकडच्या ओघळींमधलं एक झुडूपही हलवू नका. पाणी तिथे अडखळलं की मोरीवर लोंढा एकदम येत नाही. करंज आणि जांभूळ तर काठ धरून ठेवतात. माझ्या माहेरी काठ उघडा केला आणि दोनच पावसाळ्यांत दरड ढासळून काढलेला सगळा गाळ परत तळात आला. खर्च पाण्यात गेला.

काठावरचा:
ताई, मोरीजवळचं मान्य. मी सरसकट बोललो, ते चुकलं. ठरावात मोरीचा टप्पा वेगळा लिहून घ्यायचा आग्रह धरतो. विहीरवाले, त्या दगडावर रंगाने खुणा करून पहाट-दुपारचं पाणी लिहून ठेवाल का? वळणाच्या वर झाडी नाही, तिथेही एक खूण करू.

विहीरवाला:
खुणा आज संध्याकाळीच करतो. बेशरमही माझ्या खर्चाने काढतो. उंबराचं मात्र मला अजून पटलेलं नाही. ग्रामसभेला वही घेऊन येतो, तिथे बोलू.