मदत हवी आहे: मुलगा गोळीबाराचे गेम खेळतो, काय करावं?

नमस्कार मंडळी. मुलगा तेरा वर्षांचा, मोबाइलवर गोळीबाराचा गेम खेळतो. हरला की हेडफोन आपटतो, जेवायला हाक मारली तर खेकसतो. सासूबाईंचं ठाम मत, गेमनंच पोरगं बिघडलं. मला ते इतकं सरळ वाटत नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये म्हटलं होतं की अशा गेमचा ओरडणं, ढकलणं अशा आक्रमकपणाशी थोडा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराला गेम कारणीभूत ठरवायला पुरेसा पुरावा नाही. (आपल्याकडे त्याच वर्षी पबजीवर बंदी आली, तीही डेटा आणि देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून.) पण तो थोडासा आक्रमकपणाही घरात रोज जाणवतो, त्याचं काय?

या वयाच्या मुलांच्या आईबाबांनो, गेम पूर्ण बंद केलात की वेळ ठरवून दिलीत? चिडचिड खरंच कमी झाली का? समुपदेशकाकडे कधी न्यावं? कृपया अनुभव सांगा.