मदत हवी आहे: पियानो डिप्लोमासाठी रचनांचा क्रम योग्य आहे का?

मांजराकाठ: डिप्लोमाच्या वादनासाठी मी बीथोव्हनचा ‘पॅथेटिक’ सोनाटा, शोपँचे सी मायनरमधील नॉक्टर्न (ओपस 48, क्र. 1) आणि त्याचेच जी मायनरमधील पहिले बॅलाड, अशा तीन रचना ठरवल्या आहेत. अर्जाला दहाच दिवस उरले आहेत आणि लातुरात या विषयात विचारावे असे मला कोणी ठाऊक नाही. हा क्रम चालेल का, एवढेच कृपया लवकर सांगावे.

गोदाकाठ, नांदेड: परीक्षा कोणत्या मंडळाची आणि कोणत्या स्तराची, हे आपण लिहिलेलेच नाही. एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या एआरएसएम डिप्लोमाला 30 मिनिटे वाजवायचे असते, ट्रिनिटी या लंडनच्या मंडळाच्या एटीसीएल डिप्लोमाला 32 ते 38 आणि त्यावरच्या एलटीसीएलला 37 ते 43; ते कळल्याशिवाय क्रमाविषयी काय सांगणार? आपला सराव कोणत्या वाद्यावर चालतो, तेही सांगावे.

मांजराकाठ: परीक्षा एटीसीएलची आहे, लिहायचे राहून गेले, क्षमस्व. सराव घरच्या डिजिटल पियानोवर होतो, परीक्षा मात्र पुण्यात ग्रँड पियानोवर द्यायची आहे.

गोदाकाठ, नांदेड: मग अडचण क्रमाची नसून निवडीची आहे. तिन्ही रचना मायनर या उदास छटेच्या स्वरश्रेणीतल्या, त्यांतल्या दोन सी मायनरमधल्याच, आणि तिन्ही 1799 ते 1841 या काळात प्रसिद्ध झालेल्या. म्हणजे वैविध्य नाही: त्याआधीचा बाख नाही आणि विसावे शतकही नाही. बाखचे मेजरमधील एखादे प्रेल्यूड आणि फ्यूग, मग पॅथेटिक, ब्राम्सचे ए मेजरमधील इंटरमेझो (ओपस 118, क्र. 2) आणि शेवटी देब्युसीचे ‘पगोद’ (1903) घ्यावे. सारे मिळून साधारण 35 मिनिटे होतात.

जुना वादक: ‘पगोद’ला माझा ठाम विरोध आहे. त्या रचनेचा जीव अर्ध्या पेडलमध्ये, म्हणजे नाद लांबवणारे पेडल अर्धेच दाबण्यात आहे, आणि खऱ्या तारांवर नाद किती रेंगाळतो हे ज्या पायाला ठाऊक नाही, तो परीक्षेच्या दिवशी सगळे स्वर एकमेकांत कालवून टाकतो. माझे तसेच झाले होते. बॅलाड ठेवावे, नॉक्टर्न काढावे.

गोदाकाठ, नांदेड: बॅलाडचा शेवट अर्ध्या तासाच्या वादनानंतर थकलेल्या हातांनी वाजवायचा आहे, याचा विचार आपण केला का?

परभणीकर: डिजिटल सोडून अपराइट, म्हणजे खऱ्या तारांचा उभा पियानो घ्यावा, असे मी सुचवेन. मात्र आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, तारांच्या खुंट्या सैल पडतात आणि स्वर उतरतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये त्या खोलीत पाण्याचे भांडे भरून ठेवावे.

मांजराकाठ: दहा दिवसांत वाद्य बदलणे शक्य नाही. बॅलाड मी चार वर्षे वाजवते आहे, ते सोडवत नाही. बाख 4, पॅथेटिक 19 आणि बॅलाड साडेनऊ मिनिटे धरली, तर जेमतेम 32च्या पुढे जाते. मधे काय घालू?

जुना वादक: प्रोकोफिएफच्या ‘व्हिजन्स फ्युजिटिव्ह’ (1915–17) या 20 छोट्या रचना पाहाव्यात. बहुतेक मिनिट-दीड मिनिटाच्या आहेत. कमी पेडलच्या तीन निवडून पॅथेटिक आणि बॅलाड यांच्या मधे ठेवल्या, तर विसावे शतकही येते आणि हातांना थोडी उसंतही मिळते. प्रत्येक रचना आपल्या स्तराच्या यादीत बसते का, हे आजच तपासावे. मग मधले थांबे धरून, घड्याळ लावून सारे सलग वाजवावे आणि किती मिनिटे झाली ते इथे कळवावे.