मदत हवी आहे: फोटो ६ एमबीचे, कॅशे १.१ जीबीचा!

राजेहो, जरा डोकं लावा. नागपूरच्या कळमना मार्केटातल्या दलालांसाठी वेब अ‍ॅप बनवलं, आत नेटची बोंब म्हणून सर्व्हिस वर्करने (ब्राउझरमध्ये मागे चालणारी स्क्रिप्ट) मालाचे १६० फोटो कॅशे करतो, म्हणजे फोनमध्येच साठवतो. एकेक फोटो जेमतेम ४० केबी, पण क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये स्टोरेज १.१ जीबी दिसते, काही फोनवर तर साठवणुकीचा कोटा संपल्याचा एररच. जुने कॅशे अ‍ॅक्टिव्हेटमध्ये (नवा वर्कर सुरू होताना) उडवले, साइट डेटा क्लिअर केला, अ‍ॅप उघडलं की परत तेवढंच. वाचलं की नो-कॉर्सने, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरच्या परवानगीशिवाय आणलेला ओपेक रिस्पॉन्स (ज्याच्या आतलं आपल्या कोडला वाचता येत नाही) क्रोम पॅडिंग, म्हणजे जास्तीचा आकार, लावून ७ एमबीच्या आसपास मोजतो, हिशोबही तसाच जुळतो. पण फोटो दुसऱ्याच्या सर्व्हरवर आहेत, कॉर्स हेडर (आपल्या साइटला फोटो वाचू द्यायची त्यांची परवानगी) मागून मागून थकलो. ऑफलाइन तर पाहिजेच. आपल्याच डोमेनवरून प्रॉक्सी करण्याशिवाय (फोटो आपल्या सर्व्हरमार्फत आणून देण्याशिवाय) काही मार्ग आहे का, अन् केली तर हे पॅडिंग नक्की जाते ना?